कॉम्प्युटेक्स 2024: आपल्या दुकानांच्या उपयोगाचं काय?

बेळगावकडच्या खानापूरच्या ताईंनी विचारलंय की तैवानमधल्या तैपेईच्या कॉम्प्युटेक्स या कॉम्प्युटर प्रदर्शनात नवीन काय आवडलं, आणि डीटीपी व ऑनलाईन अर्जांच्या दुकानाला त्यातलं काय घेण्यासारखं आहे. 4 ते 7 जूनला प्रदर्शन झालं. मी डीलर म्हणून गेलो होतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

ताई, मला सगळ्यात जास्त आवडली ती रॅम. नाव कॅम2. लॅपटॉपसाठी तिचा कमी विजेचा प्रकार एलपीकॅम2. आजपर्यंत आपण लॅपटॉपमध्ये सोडिम, म्हणजे रॅमची लहान पट्टी, तिरकी घालून दाबून बसवत आलो. ही नवी पाटी बोर्डावर सपाट ठेवायची आणि स्क्रूने आवळायची. खालच्या बारीक स्प्रिंगसारख्या पिना दाबल्या जातात आणि एकाच पाटीत दोन्ही चॅनेल (रॅमच्या डेटाच्या वाटा) मिळतात. दोन सोडिमना जेवढी जागा लागते त्याच्या निम्मीही हिला लागत नाही. सुरुवात डेलने केली आणि डिसेंबर 2023 मध्ये जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तिचं प्रमाण ठरवून दिलं, म्हणजे आता कुणालाही बनवता येते. एमएसआयने तर डेस्कटॉपच्या बोर्डावरच ती बसवून दाखवली होती.

एवढ्या गोष्टीचं कौतुक का, ते आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्याला लगेच कळेल. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम पातळ लॅपटॉपमध्ये बोर्डालाच सोल्डर केलेली असते. ती गेली की बोर्ड गेला. आणि आपलं गिऱ्हाईक आज 8 जीबीचं मशीन घेतं, पोराचं इंजिनीअरिंग सुरू झालं की वाढवून मागतं. तेव्हा त्याला ‘यात वाढत नाही’ म्हणून सांगायला जिवावर येतं. एलपीकॅम2 मुळे तीच कमी विजेची रॅम काढता-घालता येईल. 2024 मध्ये ती महागड्या मशीनमध्येच होती, लेनोव्होच्या थिंकपॅड पी1 सारख्या. आपल्या गिऱ्हाईकाच्या बजेटमध्ये यायला वेळ लागेल, पण वाट बघण्यासारखी वस्तू आहे.

इंटेलचा लुनार लेक हा लॅपटॉपचा प्रोसेसर नेमका उलट्या वाटेने गेलाय. त्यात रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवली आहे, 16 किंवा 32 जीबी, पुढे वाढ नाही. बॅटरी चांगली टिकेल, पण पाच-सात वर्षं मशीन वापरणाऱ्याने पहिल्याच दिवशी 32 घ्यावं.

आता एआय पीसी. सगळ्या हॉलमध्ये हाच एक जप चालला होता. मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस नावाच्या एआय पीसीसाठी 40 टॉप्सचा एनपीयू (प्रोसेसरमधला एआयच्या कामाचा वेगळा भाग), म्हणजे सेकंदाला 40 लाख कोटी गणितं, आणि 16 जीबी रॅम अशी अट घातली आहे. स्नॅपड्रॅगन एक्सचा 45, लुनार लेकचा 48, एएमडी रायझन एआय 300 चा 50. या आकड्यांवर दुकानासाठी काही ठरवू नका.

ताई, तुमच्यासाठी खरी अडचण वेगळी आहे. 18 जूनपासून आलेले स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप एआरएमवर चालतात, म्हणजे मोबाईलसारख्या प्रोसेसरवर, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या. नेहमीचे प्रोग्राम त्यावर अनुकरणाने चालतात, ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत. त्यांना एआरएमसाठी वेगळे लिहिलेलेच लागतात. म्हणजे तुमचा जुना स्कॅनर, आधारचं अंगठ्याचं यंत्र, मराठी-कन्नड फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (लायसन्ससाठी यूएसबीत लावायची किल्ली), यातलं एक जरी अडलं तरी काउंटर बंद. मशीन सुंदर आहे, बॅटरी खरंच दिवसभर जाते, कॉलेजच्या पोरांना खुशाल सांगा. काउंटरला इंटेल किंवा एएमडीच ठेवा.

आणि याच कोपायलट प्लस मशीनवरच्या विंडोजच्या रिकॉल या सोयीपासून जपून राहा. दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढून ठेवायचा आणि मागचं शोधून द्यायचं, असं ते आहे. आपल्या स्क्रीनवर दिवसभर लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं, जमिनीचे उतारे असतात. लोक विश्वासाने कागद हातात देतात! तो साठा सहज वाचता येतो हे सुरक्षा तपासणाऱ्यांनी दाखवल्यावर मायक्रोसॉफ्टने 13 जून 2024 ला ते पुढे ढकललं. 2025 मध्ये ते आलं, तरी दुकानाच्या मशीनवर बंदच ठेवायचं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर आपल्या कामाचं तैपेईत नव्हतं, ते इथेच आहे. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या गटाने 2023 मध्ये इंडिकट्रान्स2 हे भाषांतराचं सॉफ्टवेअर खुलं केलं. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या 22 भाषा त्यात आहेत, कन्नडमधून थेट मराठीत येतं, आणि डाऊनलोड करून इंटरनेटशिवाय चालतं. सीमाभागात याची केवढी गरज आहे ते तुम्हाला मी काय सांगू! खेड्यातली म्हातारी माणसं कन्नड नोटीस घेऊन येतात आणि ‘यात काय लिवलंय बाळ’ म्हणून उभी राहतात. मी टेसरॅक्टने, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, नोटीस वाचून घेतो (त्यात कन्नड आणि मराठी दोन्ही आहे, फुकट आहे) आणि मग इंडिकट्रान्स2 मधून मराठीत काढतो. मतलब नीट कळतो. पण आडनावाचाही कधी अर्थ लावून ठेवतं, म्हणून नावं, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे आणि तारखा मूळ कागदाशी बोट ठेवून ताडायच्या. स्कॅन 300 डीपीआयला करा. मोबाईलवर काढलेल्या वाकड्या फोटोतली कन्नड जोडाक्षरं त्याला सुटत नाहीत. आणि असा मजकूर समजून घेण्यापुरताच, सही-शिक्क्याच्या कामाला नाही.

बोलून टाईप करायचं व्हिस्परही चालवलं. मराठीत अजून कच्चं आहे, आपल्या बेळगावी बोलीत तर फारच.

पावसात तुमच्याकडे लाईट जाते म्हणून एक छोटी गोष्ट घ्याच: 65 वॅटचा गॅन चार्जर (गॅलियम नायट्राईडचा, आकाराने लहान) आणि तेवढंच देणारी यूएसबी-सी पॉवर बँक. नवा लॅपटॉप घेताना यूएसबी-सीवर चार्ज होतो का ते आधी बघा. युरोपात एप्रिल 2026 पासून लॅपटॉपलाही हे सक्तीचं ठरवलंय, म्हणून कंपन्या आता सगळीकडे तेच देऊ लागल्यात.

घाई म्हणाल तर एकच आहे, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तुमच्या प्रोसेसरची पिढी, स्कॅनर आणि अंगठ्याच्या यंत्राचं मॉडेल इथे लिहा. विंडोज 11 वर कशाचा ड्रायव्हर मिळतो ते बघून सांगतो.