वाचक विचारतात: सुनेच्या माहेरचं मूळगाव स्वित्झर्लंडात कसं शोधू?

प्रश्न: ताई, मी सांगलीत विश्रामबागला राहते. मुलगा अमेरिकेत असतो, सून तिकडचीच, विस्कॉन्सिनची. नातवाला शाळेत वंशावळ करून आणायला सांगितली तर आमच्या बाजूची मी दोन दिवसांत दिली, कारण आमच्या गावाकडे हेळवी येतो आणि त्याच्या चोपडीत आमच्या नऊ पिढ्या आहेत. सुनेकडचं मात्र तिच्या खापरपणजोबांपाशी अडलंय. आडनाव मिलर, लहानपणी आईवडलांबरोबर स्वित्झर्लंडहून आले आणि ग्रीन काउंटीत पुरलंय, एवढंच माहीत. नातू विचारतो, आजी, मॉमकडे हेळवी नसतो का? काय सांगू?
— एक आजी, सांगली

उत्तर: आजी, त्याला सांगा असतो म्हणून. फक्त तो बैल घेऊन दारात येत नाही, आपण त्याच्याकडे जायचं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. स्वित्झर्लंडात प्रत्येक स्विस नागरिकाला एक हायमाटओर्ट असतं, म्हणजे आपलं मूळगावच म्हणा, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येतं, माणूस जन्मला झुरिचमध्ये, वाढला बासेलमध्ये, तरी त्याच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं, पणजोबांचं ते डोंगरातलं गाव असतं, भले तो तिथे एकदाही गेला नसेल. आणि हे नुसतं अभिमानापोटी नाही बरं का. पूर्वी माणूस कंगाल झाला की त्याला पोसायची जबाबदारी त्या मूळगावावर यायची, त्यामुळे आपला कोण आणि परका कोण हे गावं अगदी काटेकोर लिहून ठेवायची. कधीकधी गावाला तो भार झेपायचा नाही. आरगाउ कॅन्टनमधल्या (कॅन्टन म्हणजे तिकडचं राज्य) रोथरिस्ट गावाने १८५५ साली आपली ३०५ गरीब माणसं गावाच्या खर्चाने अमेरिकेला रवाना केली. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, पण त्या लोकांचे वंशज आज आपलं घराणं शोधू शकतात ते अशाच हिशोबी कागदांमुळे.

म्हणून ‘मिलर’ हे नाव घेऊन इंटरनेटवर शोधत बसू नका. मूळ नाव बहुतेक म्युलर असणार आणि ते तिथे आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं, हजारो सापडतील आणि त्यातला भलताच कोणीतरी आजोबा म्हणून गळ्यात पडेल. आधी गाव शोधा, आणि ते गाव सापडेल अमेरिकेत! सुनेला सांगा थडग्याचा दगड नीट वाच, ज्या चर्चच्या आवारात पुरलंय तिथली वही बघायला माग, त्या काळच्या जर्मन पेपरात मृत्यूची बातमी आली होती का बघ, घरातल्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर काय लिहिलंय ते बघ. अमेरिकेच्या सरकारी कागदांत बऱ्याचदा नुसतं ‘स्वित्झर्लंड’ असतं, चर्चच्या वहीत गाव असायची शक्यता जास्त. आणि तिच्या म्हाताऱ्या आत्या-मावश्या असतील तर आजच फोन करायला लावा, कागद थांबतो हो, माणूस थांबत नाही.

ग्रीन काउंटी वाचून मला लगेच न्यू ग्लारुस आठवलं. ग्लारुस कॅन्टनमध्ये कापडधंदा बसला, तेव्हा एप्रिल १८४५ मध्ये १९३ जण निघाले आणि ऑगस्टमध्ये त्यातले १०८ विस्कॉन्सिनला पोचले, तेच हे गाव. पण म्हणून ग्लारुसच धरून बसू नका, बर्नकडचे लोकही त्या भागात नंतर आले. निघालं ग्लारुसच, तर नातवाला त्याचा हेळवी मिळालाच समजा. योहान याकोब कुब्ली-म्युलर नावाच्या गृहस्थांनी ग्लारुसमधल्या घराण्यांच्या वंशावळी हाताने लिहून काढल्यात, त्या तिथल्या कॅन्टनच्या दफ्तरखान्यात आहेत. त्यांच्या नावातलं म्युलर हे बायकोच्या माहेरचं आडनाव, तिकडे नवऱ्याच्या नावाला असं जोडून लिहायची रीत आहे, सुनेच्या कागदात जोडनाव दिसलं तर गोंधळू नका.

गाव कळलं की पुढचं सोपं. देशभर सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८७६ पासून, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, बाप्तिस्मा, लग्न, दफन, आणि काही ठिकाणी त्या थेट सोळाव्या शतकापर्यंत मागे जातात. बर्न कॅन्टनने तर आपल्या वह्या स्कॅन करून फुकट ठेवल्यात, बाकीच्यांसाठी फॅमिलीसर्च ही वंशावळींची वेबसाइट बघा, तीही फुकट. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्ममातापित्यांची (गॉडपेरेंट्सची) नावं असतात ती अजिबात सोडू नका, कारण एका गावात एकाच नावाचे चार हान्स असतात, शिवाय मूल गेलं की त्याचंच नाव पुढच्या मुलाला ठेवायचे, मग कुठला हान्स आपला हे त्या नावांवरूनच कळतं.

लिपी मात्र जुनी जर्मन, कुरेंट म्हणतात. आत्ता कुणबी नोंदींच्या वेळी आपल्याकडे मोडी वाचणारे शोधत लोक कसे फिरले ते आठवा, अगदी तसंच, आजच्या जर्मन माणसालाही ती येत नाही. पण नोंदींचा साचा ठरलेला असतो, पंधरावीस शब्द ओळखीचे झाले की नावं लागायला लागतात, नातवाला शिकू दे, मुलं फार पटकन उचलतात.

अडलात तर त्या कॅन्टनच्या दफ्तरखान्याला ईमेल करा, एका वेळी एकच प्रश्न, छोटा. आणि वह्यांत घराणं अजिबातच सापडलं नाही तर ते अॅनाबॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे होते का बघा, ते लोक तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नसत, त्यामुळे वहीत त्यांचा जन्मच नसतो.

प्रश्न: आमचे जावई स्विस आहेत. त्यांच्या आडनावाचं कुलचिन्ह एका वेबसाइटवर फ्रेम करून मिळतंय, लग्नाच्या वाढदिवसाला देऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: काका, तिथून नको. चिन्ह आडनावाचं नसतं, घराण्याचं असतं, एकाच आडनावाच्या दोन गावांतल्या घराण्यांची चिन्हं वेगळी असू शकतात. पण कल्पना छान आहे, कारण तिकडे साध्या शेतकरी, कारागीर घराण्यांनाही अशी चिन्हं असायची. जावयांच्या पासपोर्टवरचं हायमाटओर्ट मुलीकडून गुपचूप विचारून घ्या आणि त्या कॅन्टनच्या दफ्तरखान्याला लिहा, बऱ्याच ठिकाणी घराण्यांच्या चिन्हांचा संग्रह असतो. खरं चिन्ह मिळालं की साताऱ्यातल्याच एखाद्या चित्रकाराकडून रंगवून घ्या.