जुलैच्या मुलाचं वय लीगमध्ये ११, क्लबमध्ये १०: दोन्ही बरोबर

तुमची पोस्ट वाचली आणि आमचाच जुना घोळ समोर आला. तुमचा मुलगा जुलै २०१५ चा. २०२६ च्या बेसबॉल हंगामाला अमेरिकेतली लिटल लीग (गावातल्या मुलांची लीग) त्याला ११ चा धरते, ट्रॅव्हल क्लब (बाहेरच्या स्पर्धा खेळणारा निवडक संघ) १०-यू म्हणजे दहा व त्याखालच्या गटामध्ये घेतो, मग चुकतंय कोण, असं तुम्ही विचारलंय. कुणीच नाही. लिटल लीग बेसबॉलमध्ये त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला जे वय असेल ते धरतात; यूएसएसएसए या संस्थेच्या ट्रॅव्हल स्पर्धांत ३० एप्रिलचं. त्यामुळे मे ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना दोन वयं असतात, बाकीच्यांना एकच. (सॉफ्टबॉलची तारीख वेगळी आहे. मुलगी खेळत असेल तर हा हिशेब तिला लावू नका.)

यातून एक गोष्ट निघते, ती पालकांच्या लक्षात येत नाही. लिटल लीगच्या प्रत्येक वयात सप्टेंबरचं मूल सगळ्यात मोठं, ऑगस्टचं सगळ्यात लहान. ट्रॅव्हलमध्ये मेचं सगळ्यात मोठं, एप्रिलचं सगळ्यात लहान. म्हणजे तुमचा मुलगा एकीकडे शेंडेफळ, दुसरीकडे थोरल्यांतला. लीगमध्ये तो बॅटिंगला शेवटून दुसरा येतो आणि क्लबकडून तिसरा, यात कोचचा पक्षपात शोधू नका आणि त्याच्या अंगात अचानक काही संचारलंय असंही समजू नका. बराचसा फरक आठ-दहा महिन्यांच्या वाढीचा असतो. म्हणून क्लबमध्ये चमकतोय एवढ्यावरून त्याला ११-यू मध्ये वर चढवायची घाई नको, असं माझं ठाम मत आहे.

आम्हाला सगळ्यात महाग पडलं ते नोंदणीच्या टेबलावरचं एक वाक्य: "पाचवीत आहे ना? मग मायनर्स. मेजर्स खेळायला पुढे दोन वर्षं आहेतच." वय न बघता इयत्तेवरून सांगितलेलं, आणि आम्ही तक्ता न उघडता मान डोलावली. मेजर्स हा ९ ते १२ वर्षांच्या मुलांचा विभाग, मायनर्स त्याच्या खालचा. तुमच्या मुलाचं यंदा लीगमधलं वय ११, पुढच्या वर्षी १२, की संपलं. यंदा मायनर्समध्ये ठेवलात तर मेजर्सचं एकच वर्ष हाती उरतं. ते वर्ष मग कुणी परत देत नाही, चूक लक्षात आणून दिल्यावर टेबलापलीकडून "वेबसाइटवर होतं की" एवढंच ऐकायला मिळतं. अजूनही राग येतो. असो.

ते वर्ष का मोलाचं, ते मैदानावर कळतं: मेजर्सनंतर मैदान एकदम मोठं होतं. मेजर्सला बेस एकमेकांपासून ६० फुटांवर, पिचर (बॉल टाकणारा) बॅटरपासून ४६ फुटांवर. तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो साधारण ८५ फूट. तेराव्या वर्षी ५०/७० चा (पिचर ५० फुटांवर, बेस ७० फुटांवर) मधला विभाग तुमच्या लीगमध्ये असेल तर हाच थ्रो ९९ फूट होतो. नसेल तर थेट ज्युनियर विभाग: ९० फुटी बेस, पिचिंग ६० फूट ६ इंचांवरून आणि तो थ्रो १२७ फूट. काल सरळ पहिल्या बेसच्या ग्लव्हमध्ये जाणारा बॉल आता दोन टप्पे खाऊन पोचतो, तोवर रनर बेस ओलांडून गेलेला असतो. ५०/७० आहे का, हे आजच विचारा.

आता 'ट्रिपल ए'बद्दल. गावच्या लीगमध्ये ट्रिपल ए हे बहुधा मायनर्समधल्या वरच्या तुकडीचं नाव असतं. यूएसएसएसएमध्ये ट्रिपल ए हा त्या वयोगटातला स्पर्धेचा दर्जा, त्याच्या वर मेजर. नाव एकच, अर्थाचा संबंध नाही. लीगमध्ये ट्रिपल ए खेळतो म्हणून क्लबच्या ट्रिपल ए संघाचे पैसे भरलेत, तर वीकएंडभर तो बाकावर बसेल. लीगच्या मोसमात प्रत्येक मुलाला दर सामन्यात किमान सहा आउट होईपर्यंत फील्डिंग आणि एक बॅटिंग द्यावीच लागते. ट्रॅव्हलमध्ये तशी हमी गृहीत धरू नका. एक पायरी खालच्या डबल ए संघात रोज खेळणं केव्हाही बरं.

लीगमधून येणारी मुलं अडखळतात ती लीडमध्ये, म्हणजे बॉल टाकला जाण्याआधीच रनरने बेसपासून थोडं पुढे सरकण्यात. मेजर्सपर्यंत बॉल बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय रनरला बेस सोडता येत नाही. ट्रॅव्हलमध्ये लीड चालते. पिचिंग करत असेल तर स्ट्रेच (बेसवर रनर असताना पिच टाकायची पद्धत), पिकऑफ (पुढे सरकलेल्या रनरला थ्रो करून बाद करणं) आणि बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल) म्हणजे काय, हे आधी शिकवून पाठवा.

पिचिंगबद्दल आणखी एक. मी डॉक्टर नाही, कोपर दुखत असेल तर डॉक्टरांकडेच जा. लिटल लीगची दिवसाची मर्यादा लीगच्या वयावर ठरते: ९-१० ला ७५ पिच (बॅटरला टाकलेले बॉल), ११-१२ ला ८५. तुमचा मुलगा एप्रिलमध्ये खरा दहाचाच आहे, तरी कागदावर त्याला ८५ मिळतात. मी ७५ लाच थांबवेन. ६६ च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती, आणि लीगचा कोच क्लबचे पिच मोजेल या भरवशावर राहू नका. वही तुम्हीच ठेवा.

बॅटचं: लिटल लीगला बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का लागतो, यूएसएसएसए शिक्क्याची बॅट तिथे चालत नाही. एकच घ्यायची तर यूएसएची घ्या, पण ट्रॅव्हलमध्ये तिचा बॉल थोडा कमी जातो हे त्याला आधीच सांगा.

पुढच्या वर्षाच्या क्लबच्या ट्रायआउट उन्हाळ्याच्या शेवटीच होतात. तेव्हा त्याला ११-यू मध्ये उभं करा, १०-यू मध्ये नाही, कारण ३० एप्रिल २०२७ ला तो ११ चा असेल. लीगच्या फॉल बॉललाही (शरद ऋतूतल्या हंगामालाही) बहुधा पुढच्या वसंताचंच वय धरतात. नोंदणी झाल्यावर 'लीग एज' किती पडलंय त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि आकडा चुकला असेल तर ड्राफ्टच्या (संघांत मुलं निवडण्याच्या) आधी ईमेलनेच कळवा, तोंडी नको.