कथासंग्रहाच्या मुखपृष्ठासाठी स्टॉक छायाचित्र: आधी पान मांडा, मग शोधा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पेठेतला एक वाडा पाडला जाण्याभोवती फिरणाऱ्या कथांचा संग्रह आपण एका लहान प्रकाशनासाठी सजवत आहात. मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभाची निमंत्रणपत्रिका आणि सभागृहाबाहेरचा फ्लेक्स या तिन्हींवर एकच छायाचित्र हवे आहे. स्टॉक छायाचित्रांच्या, म्हणजे परवाना घेऊन कोणालाही वापरता येणाऱ्या तयार छायाचित्रांच्या, संकेतस्थळांवर पुष्कळ शोधूनही जे सापडते ते एक तर पुण्याचे वाटत नाही किंवा आधीच कुठेतरी पाहिलेले असते, आणि फुकटचे घ्यावे की विकतचे, हेही ठरत नाही.

माझे पहिले सांगणे असे की शोध थोडा थांबवा आणि आधी मुखपृष्ठ प्रत्यक्ष आकारात मांडून घ्या. शोधाच्या पडद्यावर छायाचित्रे लहान चौकटींत शेजारीशेजारी दिसतात, आणि तिथे भडक रंगाचे, विषय नेमका मध्यभागी असलेले, कडेपर्यंत भरलेले चित्र डोळ्यात भरते. मुखपृष्ठाला मात्र बहुतेक वेळा याच्या उलट चित्र लागते, कारण त्यावर शीर्षक, लेखकाचे नाव आणि प्रकाशनाचे चिन्ह बसवायचे असते. त्यातही देवनागरी अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असा दोन्ही बाजूंनी पसारा असतो. पानाफांद्यांच्या किंवा कौलांच्या बारीक नक्षीवर रफार आणि अनुस्वार हरवून जातात. म्हणून छायाचित्राच्या जागी नुसता राखाडी चौकोन ठेवून अक्षरे आधी लावा. शीर्षक वर राहणार की खाली, त्यामागे किती उंचीचा शांत पट्टा हवा, चित्र उभे हवे की मलपृष्ठापर्यंत पसरणारे आडवे, माणूस हवा की नको, हे त्यातून आपोआप ठरते. ही चार उत्तरे कागदावर असली की शोधात समोर येणाऱ्या चित्रांपैकी बहुतेक क्षणात बाद करता येतात, आणि मग उरलेल्यांकडे नीट पाहायला वेळ मिळतो.

आता शोधशब्दांविषयी. मोठ्या संकेतस्थळांवरची वर्णने बहुतांशी इंग्रजीत असतात आणि ती छायाचित्रकारानेच भरलेली असतात. त्यामुळे ‘वाडा’ हा शब्द रोमन लिपीत घातला की शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि मेदूवडा हे दोघेही हजर होतात. ‘आठवण’, ‘विरह’, ‘जुना काळ’ अशा भाववाचक शब्दांनी शोधू नये. त्यांना उत्तर म्हणून खिडकीतून बाहेर पाहणारी तीच ती मुलगी येते. वस्तूंच्या नावांनी शोधावे. कडी-कोयंडा, लाकडी जिना, पितळी कुलूप, कोनाडा, तुळशी वृंदावन, फुटकी कौले, दोरीवरचे धुणे, अर्धवट पाडलेल्या भिंतीवर राहून गेलेला रंग, यांपैकी प्रत्येकाचे साधे इंग्रजी वर्णन घेऊन पाहा. मला विचाराल तर पाडल्या जाणाऱ्या वाड्याच्या मुखपृष्ठावर अख्खा वाडा दाखवूच नये. उघड्या पडलेल्या भिंतीतला एक कोनाडा पुरतो आणि अक्षरांना जागाही देतो.

बहुतेक मोठ्या ठिकाणी उभे-आडवे, प्रमुख रंग, माणसांची संख्या अशा चाळण्या असतात. काही ठिकाणी मजकुरासाठी मोकळी जागा असलेली चित्रेही वेगळी काढता येतात. एखादे चित्र जवळपास हवे तसे असेल पण पुरते नसेल, तर त्याच छायाचित्रकाराची त्याच दिवशीची इतर चित्रे उघडा. शोधात वर येते ते सर्वांत भडक असते. त्याच मालिकेतले मागे पडलेले शांत चित्र पुष्कळदा मुखपृष्ठाला अधिक योग्य ठरते.

‘पुण्याचे वाटत नाही’ ही आपली तक्रार रास्त आहे, आणि तिचे कारण तपशिलात आहे. ‘जुने भारतीय घर’ या वर्णनाखाली राजस्थानी हवेलीचे दगडी झरोके आणि चेट्टिनाडचे गुळगुळीत खांब सर्रास येतात. आपल्या वाड्याची ओळख सागवानी खांब, कडीपाट, मोठ्या दारातला दिंडी दरवाजा, ओसरी आणि चौक यांत आहे, आणि ज्यांचे बालपण वाड्यात गेले ते वाचक हा फरक पहिल्या नजरेत ओळखतात. माणसे घेतलीत तर हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते. नऊवारीचा काष्टा, कुंकवाची जागा, पदराची बाजू, लग्नाचे दृश्य असल्यास मुंडावळ्या आहेत की सेहरा, हे सगळे मोठे करून तपासा. वर्णनात ‘महाराष्ट्रीय’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नका.

कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) बनवलेल्या चित्रांची भर आता यात पडली आहे. गेटी इमेजेस या छायाचित्रे विकणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये अशी चित्रे स्वीकारणे बंद केले. अडोबी स्टॉक ती ओळखचिठ्ठीसह स्वीकारते आणि शोधातून वगळण्याची सोय देते. ती सोय सुरू ठेवा. वाड्याच्या बाबतीत ही चित्रे विशेष फसवी असतात, कारण त्यांतले खांब पुष्कळदा कोणत्याच तुळईला टेकलेले नसतात.

भारतीय विषयांसाठी इमेजेसबाजार हा २००६ मध्ये सुरू झालेला संग्रह पाहण्यासारखा आहे, मात्र तिथे नटवलेली, हसरी कुटुंबे अधिक. आपल्या विषयासाठी मी विकिमीडिया कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या चित्रसंग्रहाकडे आधी जाईन. ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेली छायाचित्रस्पर्धा पुढे भारतातही भरत आली आहे, आणि तिच्यासारख्या उपक्रमांमुळे विश्रामबागवाड्यासारख्या वास्तूंची सरळ, न सजवलेली चित्रे तिथे जमा होत गेली आहेत. तिथले परवाने मात्र चित्रागणिक बदलतात. श्रेय देण्याची अट असेल तर छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचे नाव श्रेयपानावर छापावे लागते. ‘शेअर अलाइक’ अट असेल तर त्या चित्रात फेरफार करून तयार केलेली कृतीही त्याच परवान्याखाली खुली करावी लागते, आणि हे प्रकाशकाला आधी विचारल्याशिवाय करू नये.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे यांवरची मोफत चित्रे व्यावसायिक कामासाठीही वापरता येतात. तरी एक मर्यादा लक्षात घ्या: अनस्प्लॅशच्या मोफत परवान्यात चित्रात ओळखू येणाऱ्या व्यक्तीची, बोधचिन्हाची किंवा कलाकृतीची संमती समाविष्ट नसते. विकतच्या ठिकाणी माणसांच्या चित्रासोबत मॉडेलची आणि खासगी वास्तूच्या चित्रासोबत मालकाची लेखी संमती आहे की नाही, याची नोंद असते. पैसे मुख्यतः त्या नोंदीचे मोजायचे, सौंदर्याचे नव्हे. म्हणून माझा नियम असा की ओळखू येणारा चेहरा असेल तर विकतचे घ्यावे आणि कोनाडा, जिना, कुलूप असेल तर मोफतचे चालते. ‘फक्त संपादकीय वापरासाठी’ (म्हणजे बातमी-लेखांपुरते) अशी खूण असलेले चित्र मुखपृष्ठाला आणि जाहिरातीच्या फ्लेक्सला घेऊ नका. व्यसन, आजार, कौटुंबिक छळ अशा कथेशी मॉडेलचा चेहरा जोडायलाही बहुतेक परवान्यांत मनाई किंवा अटी असतात.

विकत घ्यायचे ठरले तर साधा परवाना आपल्याला पुरेल. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक यांच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा पाच लाखांची आहे, आणि मराठी कथासंग्रहाची आवृत्ती तिथवर पोहोचली तर वाढीव परवान्याचे पैसे प्रकाशक आनंदाने भरेल. तेच चित्र विक्रीच्या कॅलेंडरवर किंवा कपावर घेतले, तर मात्र तो आधीच घ्यावा लागतो.

पाहिलेले चित्र पुन्हा दिसणे हे या व्यवस्थेत अटळ आहे, कारण हे परवाने एकट्याला दिलेले नसतात. अँटोनियो गिलेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ मध्ये काढलेले, प्रेयसीसोबत चालताना मागे वळून दुसरीकडे पाहणाऱ्या तरुणाचे चित्र मुळात असेच एक स्टॉक छायाचित्र होते. विनोदी मीम म्हणून ते इतके फिरले की आज ते कोणत्याही गंभीर कामाला वापरता येणार नाही. म्हणून अंतिम दोन-तीन चित्रे गूगल लेन्समध्ये आणि टिनआयमध्ये टाकून ती आणखी कुठे वापरली गेली आहेत ते शोधून पाहा. दुसऱ्या पुस्तकाचे मुखपृष्ठ सापडले तर सोडून द्या. परदेशातल्या एखाद्या प्रवासलेखात सापडले तर काही बिघडत नाही.

अंतिम निवड पडद्यावर करू नका. विकतच्या ठिकाणांहून खूण उमटवलेली नमुनाप्रत सहसा पैसे न भरता उतरवता येते. ती मांडलेल्या पानात बसवा, साध्या प्रिंटरवर काढा आणि अप्पा बळवंत चौकातल्या दुकानाच्या फळीवर पुस्तक जितक्या अंतरावरून दिसते तितक्या अंतरावरून पाहा. नंतर तेच मुखपृष्ठ मोबाइलवर नखाएवढे करून पाहा, कारण बरेच वाचक ते आधी तिथेच पाहणार आहेत. दोन्ही ठिकाणी शीर्षक वाचता आले पाहिजे. भिंतीच्या सावलीतले गडद भाग छपाईत आणखी गडद होतात आणि पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा ऑफसेटच्या चार रंगांत विझतो, हे धरून चाला.

पिक्सेलचा हिशेब एकदाच करा. डेमी आकाराचे मुखपृष्ठ ५.५ गुणिले ८.५ इंच असते, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल या दराने १६५० गुणिले २५५०. चित्र मलपृष्ठापर्यंत न्यायचे असेल आणि कणा अर्धा इंच असेल तर ३४५० गुणिले २५५०, शिवाय चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठी सोडलेली जादा कड. सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सला लांबून पाहिले जात असल्याने इंचाला ५० पिक्सेलही चालतात, म्हणजे ३६०० गुणिले २४००. मलपृष्ठापर्यंत पुरणारी फाइल फ्लेक्सलाही जवळपास पुरते. फुटते ती व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेली फाइल. छापखान्याला ती डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून द्या.

यातले काहीच जमले नाही तर एखाद्या स्थानिक छायाचित्रकाराकडून एका सकाळीत काढून घ्या. वाडे अजून उभे आहेत आणि मालकाची लेखी परवानगी मिळवणे फार अवघड नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. तरीही दोन ओळींचा करार करावा. जुने छापील छायाचित्र मिळाले तर छायाचित्रकाराच्या मृत्यूचे वर्ष पाहा: २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६४ साली वारलेल्या छायाचित्रकाराच्या चित्राचा हक्क २०२४ अखेर संपला.

चित्र उतरवून घेतले त्या दिवशीच त्याचा दुवा, क्रमांक, छायाचित्रकाराचे नाव, तारीख आणि परवान्याच्या पानाची प्रत एका फोल्डरमध्ये ठेवा. हे परवाने बदलतात: अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये सर्व हक्क सोडणारा जुना परवाना काढून आपापला नवा लावला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशक परवान्याविषयी विचारेल, तेव्हा हा फोल्डर त्याच्याकडे द्यायचा असतो. एक प्रत आपल्याकडेही राहू द्या.