वाचकांचे प्रश्न : ‘ब्लू मंडे’मधले प्रश्न कोणाला विचारलेले आहेत?

प्रश्न : नवरात्रात नऊही रात्री गरबा खेळणारी माझी मुलगी एरवी ‘न्यू ऑर्डर’ या इंग्लंडमधील बँडच्या ‘ब्लू मंडे’ या गाण्यावर नाचते. ठेका मलाही आवडला. पण शब्द लक्ष देऊन ऐकले तेव्हा कोणीतरी दुखावलेला माणूस निर्विकारपणे जाब विचारतो आहे, असे वाटले. कोणी सांगतात की हे मृत मित्राविषयी आहे, कोणी म्हणतात युद्धाविषयी. खरे काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : मृत मित्राची गोष्ट खरी आहे, मात्र तिच्यावरून गाण्याचा अर्थ लावताना जपून पाऊल टाकावे लागते. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा गायक इयन कर्टिस याने 18 मे 1980 रोजी, रविवारी, वयाच्या तेविसाव्या वर्षी आत्महत्या केली. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे सोमवारी, ही मंडळी पहिल्या अमेरिका दौऱ्यावर निघणार होती. उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडून ‘न्यू ऑर्डर’ हे नाव घेतले, गिटार वाजवणारे बर्नार्ड समनर गाऊ लागले आणि त्याच वर्षी जिलियन गिल्बर्ट त्यांच्यात आल्या. त्यामुळे शीर्षकातला सोमवार म्हणजे तोच सोमवार, असे रसिकांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हे शब्द ड्रमवादक स्टीफन मॉरिस यांना कर्ट व्होनेगट यांच्या एका कादंबरीतील चित्रात सापडले आणि तेथे त्यांचा संबंध कपडे धुण्याच्या यंत्राशी आहे : सोमवार हा धुण्याचा वार, आणि यंत्र आल्यामुळे गृहिणीची त्यातून सुटका झाली. संपूर्ण गाण्यात हे शीर्षक एकदाही उच्चारलेले नाही.

युद्धाचा तर्क बंदरातले जहाज आणि आज्ञापालन यांच्या उल्लेखावरून निघाला. गाणे मार्च 1983 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातले फॉकलंडचे युद्ध आदल्याच वर्षी झाले होते, हे लक्षात घेतले तर तो तर्क निराधार म्हणता येणार नाही. पण एका ओळीवर सगळे गाणे तोलून धरणे मला पटत नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, या रचनेला मुळात शब्दांची गरजच नव्हती. कार्यक्रम संपल्यावर श्रोते ‘आणखी एक’ म्हणून अडून बसत, आणि या मंडळींना ते आवडत नसे. तेव्हा कळ दाबून यंत्राला वाजू द्यावे आणि आपण निघून जावे, या कल्पनेतून तिचा जन्म झाला. डिस्कोची लाट ओसरल्यानंतरचे हे नृत्यसंगीत आहे आणि त्यात ठेका ड्रम मशीनचा आहे. सुरावटीचा एकेक स्वर गिल्बर्ट यांनी कागदांवर लिहून काढला होता व ते कागद एकमेकांना चिकटवून लांबलचक पट्टी केली होती. यंत्रात भरताना त्यातला एक स्वर राहून गेला, सुरावट ठेक्यापासून किंचित सरकली, आणि ती तशीच ठेवली गेली. आपल्याला जी अस्वस्थता जाणवली तिचा काही भाग, माझ्या मते, या निसटलेल्या स्वरात आहे.

साडेसात मिनिटांच्या या गाण्यात दोन मिनिटे उलटून गेल्यावर समनर यांचा सपाट आवाज येतो आणि विचारतो की, माझ्याशी असे वागताना तुला कसे वाटते? आपल्या शहरात गरब्याच्या मैदानावर गायकाने ओळ टाकली की सारे वर्तुळ ती उचलते; आपल्या पोवाड्यातही शाहिरामागे झीलकरी असतात. येथे धृपद नाही आणि झील धरणारेही कोणी नाही. प्रश्न विचारला जातो, मागे यंत्र त्याच गतीने चालत राहते, आणि उत्तर येत नाही. समोरचा माणूस मित्र आहे, प्रेयसी आहे की वरिष्ठ अधिकारी, हे न सांगितल्यामुळेच दुखावलेला कोणीही श्रोता विचारणाऱ्याच्या जागी स्वतःला पाहू शकतो. आपल्याला ऐकू आलेला जाब खरा आहे. तो अमुक एका व्यक्तीला विचारलेला मानण्याची गरज नाही.

याच बँडच्या शब्दांचा अर्थ ठामपणे सांगता येतो असे एक गाणे हवे असेल, तर 1987 मधील ‘ट्रू फेथ’ मुलीबरोबर अवश्य ऐका. ते अमली पदार्थांच्या आहारी जाण्याविषयी आहे. त्यात लहानपणच्या सवंगड्यांबद्दल एक ओळ येते : ते आता जे पाहतात त्याला घाबरतात, अशा अर्थाची. समनर यांनी आधी लिहिले होते की, ते सारे माझ्याबरोबर नशा करतात. अशा ओळीमुळे गाणे रेडिओवर लागणार नाही, या विचाराने निर्माते स्टीफन हेग यांनी ती बदलायला लावली. प्रत्यक्ष कार्यक्रमांत मात्र समनर पुष्कळदा आपली मूळ ओळच गातात.