कॅमेऱ्यात ओरखडे दिसले म्हणून इंजिन उघडायचं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १६ वर्षांची, पेट्रोल, १,४०,००० किलोमीटर झालेली. प्लग बदलताना मेकॅनिकनं भोकातून कॅमेरा आत सोडला, तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले आणि त्यानं सांगितलं, "इंजिन काम निघालं." गाडी मात्र नीट चालते.

आत्ता उघडू नका. निदान चार गोष्टी मोजल्याशिवाय तरी नकोच.

त्या कॅमेऱ्याचं आधी सांगतो. भिंग इतकं जवळ असतं आणि उजेड इतका तिरपा पडतो, की केसाएवढी रेघ स्क्रीनवर नांगरटीसारखी दिसते. ओरखड्यांच्या मागे बघा. कारखान्यात बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भोकाला) होनिंग, म्हणजे दगडानं घासकाम, करताना तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी पाडलेली असते, ऑइल धरून ठेवायला. ती जाळी अजून दिसत असेल तर भिंतीची झीज फार झालेली नाही. जाळी बहुतेक वरच्याच पट्ट्यात आधी पुसली जाते, कारण तिथे पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो आणि ऑइलचा थर पातळ पडतो. तेवढ्याच जागी गुळगुळीत दिसलं तर या वयाच्या गाडीत मला त्याचं काही वाटणार नाही.

मी स्वतः एकदा यात फसलोय. जुन्या गाडीत सकाळी सुरू करताना निळा धूर यायचा. बोअरवर ओरखडे दिसले, झालं, गुन्हेगार सापडला! पिस्टनभोवतीच्या रिंगा बदलल्या. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, 'चांगलं दिसतंय' म्हणून तसंच परत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धूर हजर. दोष व्हॉल्व्हच्या रबरी सीलमध्ये होता. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल हळूहळू खाली झिरपायचं. हेड हातात होतं तेव्हा ते सील बदलणं किती सोपं होतं, याचा विचार मी अजून करत नाही.

तर मोजायचं काय? पहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा थोडा कमी आला म्हणून घाबरू नका, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. १०-१५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर तिसरा सिलिंडर बाकीच्यांसारखाच म्हातारा आहे, एवढंच. तो एकटाच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर. तसाच राहिला तर बोअरला दोष देण्याआधी व्हॉल्व्हकडे बघा.

दुसरं, ऑइलचा खप. तुम्ही तो लिहिलेला नाही, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच. डिपस्टिकवर खूण करून १,००० किलोमीटर चालवा आणि किती घालावं लागलं ते लिहून ठेवा. काही कंपन्या एवढ्या अंतराला १ लिटरपर्यंत चालतं म्हणतात. मला ते फारच उदार वाटतं, कारण जळलेलं ऑइल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही हळूहळू निकामी करतं. पाव लिटरच्या आत असेल तर खुशाल चालवा. तिसरं, गाडी सुरू असताना ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन मारतंय का, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांच्या बाजूनं खाली निसटून तिथून बाहेर येतोय का, तेही बघून घ्या. थोडी वाफ चालेल, फकफक धूर नको.

चौथी गोष्ट ऑइलचा दाब, आणि इथे मात्र मी कडक आहे. बोअर वर्षानुवर्षं कुरकुरत निभावतो. ऑइलच्या दाबावर तरंगणाऱ्या क्रँकच्या बेअरिंगचं तसं नाही. गरम इंजिन आयडलिंगला असताना ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, चढावर आतून जड ठक-ठक येत असेल किंवा काढलेल्या ऑइलमध्ये चमकणारे कण दिसत असतील, तर गाडी थांबवा. त्यात 'किरकोळ झीज' नावाचा प्रकार नसतो.

एक अपवाद. तुमचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल आणि बोअरला ओतीव लोखंडाच्या स्लीव्हऐवजी नुसता पातळ लेप असेल, तर तो लेप फाडून गेलेला ओरखडा वाढतच जातो. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघून खात्री करा, अंदाज नको.

आणि कुणी 'नुसत्या रिंगा टाकून देतो' म्हटलं तर नको म्हणा. झिजलेल्या बोअरच्या वरच्या टोकाला एक कड उरलेली असते. नवी, धारदार रिंग तिच्यावर आपटून तुटू शकते. उघडायचंच ठरलं तर बोअर गेजनं मोजून घ्या, आणि मापं मर्यादेबाहेर असतील तर बोअर कातून मोठा करून ओव्हरसाइज (थोडे मोठे) पिस्टन टाका.

कॅमेऱ्याचे फोटो मेकॅनिककडून मागून घ्या. पुढच्या वेळी प्लग काढाल तेव्हा त्याच सिलिंडरचे, त्याच कोनातून पुन्हा काढा. कॉम्प्रेशनचे आकडे आले की इथेच टाका, बघतो.