चिखल आधी, ब्लीचिंग नंतर
वाचकांचे प्रश्न : पूर ओसरल्यावर

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. दोन्ही वेळी पाणी उतरल्यावर मदतीला हजारो हात आले. बरेच हात मात्र चुकीच्या वेळी आले, काही चुकीची वस्तू घेऊन आले. मदत करू इच्छिणाऱ्यांचे आणि घर बुडालेल्यांचे निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या सोसायटीने पूरग्रस्त गावाला एक टेम्पो पाठवायचं ठरवलं आहे. कपडे, भांडी, धान्य गोळा होतंय. आणखी काय पाठवावं?
महिला मंडळ, डोंबिवली

सगळ्यात आधी कपडे गोळा करणं थांबवा. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले होते. आपल्याकडच्या पुरांनंतरही हेच झालं. ज्या घरात चार दिवस कंबरभर पाणी होतं, तिथे कोरडी जागाच नसते. वापरलेल्या साड्यांचं गाठोडं ठेवायचं कुठे? ते निवडायला माणसं लागतात आणि शेवटी जाळायलाही तीच माणसं लागतात. कपडे द्यायचेच असतील तर नवे द्या : आतले कपडे मापानुसार, गाऊन, लुंगी, टॉवेल, चादर.

दुसरं काम म्हणजे गावातल्या एका माणसाला फोन करणं. सरपंच, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक, कोणीही चालेल. "काय पाठवू?" असं विचारलं तर संकोचाने "काहीही चालेल" असं उत्तर येतं. त्याऐवजी "किती घरांत पाणी शिरलं? चूल पेटते का? टेम्पो कुठपर्यंत येतो? माल उतरवून ठेवायला कोरडी खोली आहे का?" असं विचारा.

चूल पेटत नसेल तर भडंग, चिवडा, चटणी, बिस्किटं, पाणी. पेटत असेल तर चार-पाच माणसांच्या घराला आठवड्यासाठी साधारण 5 किलो तांदूळ, 2 किलो तूरडाळ, लिटरभर तेल, किलो-किलो साखर आणि मीठ, चहापूड, तिखट-हळद, काडेपेटी. गहू पाठवू नका, कारण गिरणीही बुडालेली असते. पीठ दमट हवेत लवकर खराब होतं, तेही नको. शिधा वस्तूनुसार न भरता घरानुसार भरा : एका घराची एक पिशवी, दुहेरी प्लास्टिकमध्ये, 12 किलोच्या आत, म्हणजे एकट्या बाईला उचलता येते. सॅनिटरी पॅड पिशवीत आधीच घाला. ते मागायला कोणी पुढे येत नाही.

आणि ज्या वस्तू कोणाला सुचत नाहीत त्या : खराटे, फावडी, घमेली, वायपर, बादल्या, रबरी हातमोजे, गंबूट, चार्जिंगची बॅटरी, डासांचं मलम. पहिल्या दहा दिवसांत चादरीपेक्षा फावड्याची ओढाताण जास्त असते. निम्मा पैसा मात्र हातात ठेवा. तिसऱ्या आठवड्यात कॅमेरे निघून जातात, टेम्पो बंद होतात. वह्या-दप्तरं, गादी, गॅसची शेगडी, शिलाई मशीन दुरुस्तीचा खर्च यांची गरज त्यानंतर सुरू होते.

आम्ही वीस विद्यार्थी घरं साफ करायला जाणार आहोत. सुरुवात कुठून करायची?
राष्ट्रीय सेवा योजनेचा गट, कराड

सुरुवात फोटोंपासून. पंचनामा झाला आहे का, हे घरमालकाला विचारा. नसेल तर भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, फ्रिज, फर्निचर यांचे फोटो घ्या आणि मगच हात लावा. उत्साहात सगळं धुऊन टाकलं आणि दोन दिवसांनी तलाठी आले, तर नुकसान दाखवायचं कशात?

मग वीज. मेन स्विच बंद असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्या. ओल्या जमिनीवर उभं राहून स्वतः बोर्ड उघडू नका. बुडालेले एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे खटके) आणि स्विच सुकवून वापरायचे नसतात, बदलायचे असतात. फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर "चालते का बघू" म्हणून लावली की वाळवून वाचली असती ती वस्तूही जळते.

चिखल ओला असतानाच काढा. पुराचा गाळ बारीक असतो. ओला असताना तो वायपरने सरकतो, दोन दिवस ऊन लागलं की फरशीला चिकटून कडक होतो आणि मग खरवडावा लागतो. म्हणून गावात पोचायला उशीर होणार असेल तर निदान एक पथक पुढे पाठवा. आतल्या खोलीतून दाराकडे या, आधी भिंती मग जमीन. फावड्याने जाड थर, वायपरने पातळ, शेवटी पाणी. काढलेला गाळ गटारात ढकलू नका. गटार तुंबतं आणि पुढच्या सरीला तेच पाणी घरात परत येतं. जेसीबी जिथून उचलू शकेल अशा रस्त्याकडेला ढीग करा.

औषध शेवटी. चिखलावर ब्लीचिंग पावडर भुरभुरवणारे सगळीकडे दिसतात. ती पावडर वाया जाते, कारण क्लोरीन गाळातल्या कुजक्या पदार्थांवरच खर्च होतो. फरशी स्वच्छ दिसू लागल्यावर 20 लिटर पाण्यात पाव लिटर साधं घरगुती द्रवरूप ब्लीच मिसळून फिरवा, थोडा वेळ ओलं राहू द्या, मग धुवा. संडास साफ करायच्या ॲसिडसोबत ते कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात जीवघेणा ठरतो.

स्वतःची काळजी : गंबूट आणि हातमोजे सक्तीचे. चिखलात काच असते, पत्रा असतो, सापही असतात, म्हणून ढिगात थेट हात घालू नये, आधी काठीने हलवावं. उंदीर आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो जखमेतून, भेगाळलेल्या टाचेतूनही शिरतो. जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा, ती डॉक्टरांनी दिली तरच घ्या. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर "पुराच्या चिखलात काम केलं होतं" हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

घरमालकाला रंगाची घाई असते, तीही थोपवा. ओल्या भिंतीवर पुट्टी किंवा ऑइलपेंट लावला की काही महिन्यांत पोपडे सुटतात. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. तोवर हवं तर चुना मारा, त्यातून ओल बाहेर पडते.

गावच्या विहिरीत पुराचं पाणी गेलं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची?
एक ग्रामपंचायत सदस्य, शिरोळ तालुका

आधी उपसा. गढूळ पाण्यात टीसीएल टाकून उपयोग नाही. गाळ काढून नवं पाणी भरू द्या. मग विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने आणि 3.14 ने गुणा, 4 ने भागा. येतात ते घनमीटर, म्हणजे तितके हजार लिटर. चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला 2.5 ग्रॅम. 4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर सुमारे 37,700 लिटर, म्हणजे 94 ग्रॅम.

पावडर थेट विहिरीत ओतू नका. बादलीत थोड्या पाण्यात पातळ लगदा करा, पाणी घालून बादली पाऊण भरा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि खालचा चुना टाकून द्या. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी हलवा. हे काम रात्री, पाणी भरणं थांबल्यावर करावं. किमान तासाभराने ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला ते रंगावरून पाहण्याची चाचणी, घ्या. ऑर्थोटोलिडिनचा थेंब टाकल्यावर पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत पाहा, उशिरा आलेला रंग दिशाभूल करतो. लिटरला 0.5 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्लोरीन उरला असेल तर पुन्हा टाका. चाचणी वारंवार फसत असेल तर संशय पावडरवर घ्या. उघड्या पोत्यातली, दमट खोलीत पडून राहिलेली टीसीएल नुसता चुनाच असते.

आमचं जुनं घर भेंड्याच्या भिंतींचं आहे. पाणी गेलं, घर उभं आहे. राहायला जावं का?
एक वाचक, पलूस

लगेच नको. पाण्यात उभी राहिलेली भेंड्याची, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची भिंतही पाणी उतरल्यावर, वाळताना ढासळू शकते. ओळंबा सोडून भिंत कललीय का पाहा. कोपऱ्यातल्या भेगांच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. भेग खुणेच्या पुढे सरकली तर त्या खोलीत पाऊलही टाकू नका. माळ्यावरचं ओझं उतरवण्याचा मोह होतो, पण तेही अभियंत्याने पाहिल्याशिवाय करू नका. शेजाऱ्यांनी या काळात ओसरीवर चार माणसांना झोपायला जागा दिली, तर त्याहून मोठी मदत नाही.

सातबारा, पासबुक, मुलीच्या गुणपत्रिका सगळं भिजलं. उन्हात वाळवू का?
गृहिणी, चिपळूण

उन्हात नको, कागद आखडतो आणि शाई उडते. ओले कागद ओढून सोडवू नका. गठ्ठा तसाच सपाट ठेवा, स्वच्छ पाण्याने हलका गाळ धुवा, सुटतील तसे कागद कोऱ्या कागदांत घालून पंख्याच्या हवेत वाळवा. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात काम होणार नसेल तर प्लास्टिक पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि नंतर सवडीने सोडवता येतात. कोरड्या गावातल्या नातेवाइकांचा फ्रीझर इथे उपयोगी पडतो. छायाचित्रं चिकटलेल्या स्थितीत वाळू देऊ नका.

सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर, दहावी-बारावीच्या बऱ्याच वर्षांच्या गुणपत्रिका डिजिलॉकर या सरकारी ॲपवर मिळतात. मोबाइल वापरणाऱ्या एखाद्या मुलाने दोन तास बसून आळीतल्या पंधरा घरांचे कागद उतरवून दिले तर पंचनाम्याच्या रांगेतले हेलपाटे वाचतात. मात्र ओटीपी त्या घरच्या माणसानेच टाकावा.

मैत्रिणीचं घर बुडालं. भेटायला जाऊन आपण अडचणच करू, असं वाटतं.
एक वाचक, सातारा

डबा आणि पाणी घेऊन जा, चहाची अपेक्षा ठेवू नका. येताना भिजलेल्या चादरी-कपड्यांचं एक गाठोडं घेऊन या, घरी धुऊन वाळवून परत द्या. पावसाळ्यात, वीज नसलेल्या घरात हेच सगळ्यात अवघड काम असतं. पॉवर बँका चार्ज करून द्या. लहान मुलं असतील तर गाळ काढण्याच्या दिवसांत त्यांना तुमच्याकडे ठेवा. "काय वाचलं, काय गेलं" हा हिशेब मात्र तिला प्रत्येक पाहुण्यापुढे मांडायला लावू नका.

मी मस्कतला आहे. गावातल्या मंडळाला पैसे पाठवले तर चालतील?
एक वाचक, मूळ गाव राजापूर

तुमचं पारपत्र भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मित्रांचे पैसे त्यात मिसळू नका, त्यांची देणगी घ्यायला संस्थेची परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. मंडळाकडून खर्चाची यादी आणि पावत्यांचे फोटो मागून घ्या, त्यात अपमान काही नाही. माल गावातल्याच किराणा दुकानातून घेता येत असेल तर तसं सुचवा. त्या दुकानदाराचंही दुकान बुडालेलं असतं.