सारा क्रॉस्बीला 'उपदेशिका' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मेथडिस्ट (म्हणजे तिथल्या एका ख्रिस्ती धर्मजागृतीच्या चळवळीतल्या) स्त्रियांवर मराठीत लिहिताना सारा क्रॉस्बीला 'उपदेशिका' म्हटलं तर चालेल का?

शब्द निर्दोष आहे, शिक्षक-शिक्षिकेसारखा. ('उपदेशकीण' मात्र नको, पाटलीण म्हटलं की आधी पाटलाची बायको डोळ्यांपुढे येते.) पण १७६१च्या साराला तो लावू नका. तेव्हा सगळं घोडं त्याच बिरुदावर अडलं होतं.

त्या फेब्रुवारीत डर्बी गावी ती तीसेक जणांचा वर्ग (एकेकाच्या आध्यात्मिक स्थितीची चौकशी करायची छोटी बैठक) घ्यायला गेली, तर जमले दोनशेच्या आसपास. एकेकाची विचारपूस शक्यच नव्हती. तिनं गीत म्हटलं, प्रार्थना केली आणि सगळ्यांपुढे बोलली. मग धास्तावून चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याला पत्र लिहिलं. त्यानं कळवलं की तुझं काही चुकलं नाही. मात्र लोकांना सांग, मेथडिस्टांमध्ये स्त्रियांनी उपदेशक व्हायची मुभा नाही, मी फक्त माझ्या मनातलं बोलते. १७६९च्या पत्रात तर त्यानं हद्दच आखली: शास्त्रातलं वचन घेऊ नकोस, आणि मध्ये खंड न पाडता चार-पाच मिनिटांहून जास्त बोलू नकोस. मला यात बंदीपेक्षा पळवाटच जास्त दिसते.

म्हणजे वचन घेऊन त्याचं निरूपण केलं तर तो उपदेश; कळकळीनं चार शब्द सांगून माणसाला जागं केलं तर तो बोध. मराठी बायबलमध्येही रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शिक्षण देणारा वेगळा आणि बोध करणारा वेगळा. तेव्हा त्या काळच्या सारासाठी 'बोध करीत असे' हेच नेमकं.

पुढे १७७१मध्ये मेरी बोझँकेट या दुसऱ्या मेथडिस्ट स्त्रीनं बायबलमधल्याच स्त्रियांचे दाखले देऊन वेस्लीशी युक्तिवाद केला, आणि तिला 'असाधारण पाचारण' (देवाचं खास बोलावणं) आहे हे त्यानं मान्य केलं. इथून 'उपदेशिका' लिहायला हरकत नाही. १७८७मध्ये सारा मॅलेटला मँचेस्टरच्या कॉन्फरन्सची (मेथडिस्ट उपदेशकांच्या वार्षिक सभेची) लेखी संमतीच मिळाली. तिच्याबाबत तर शंकाच नको.

वेस्ली १७९१मध्ये वारला. १८०३च्या कॉन्फरन्सनं स्त्रियांनी स्त्रियांपुढेच बोलावं, तेही परवानगीनं, असं ठरवलं. मेरी (लग्नानंतरची मिसेस फ्लेचर) मात्र मॅडली या गावी त्यानंतरही बोलत राहिली. तिला बेलाशक उपदेशिका म्हणा.